पाणगाईच्या पिल्लाची खरी हकिकत

४ ऑक्टोबर, सकाळ

हे लिहायला बसण्याचं कारण एकच. काल बाजारात शेजारची कम्फर्ट टुगबे भर माणसांत म्हणाली, की युनिसबाईंनी, म्हणजे मी, पाणगाईचं मूल चोरलं. चोरलं! या गावातली निम्मी माणसं माझ्या हाताखाली अक्षर शिकली. शाळेतून निवृत्त झाल्यावर जंगल समिती मी स्थापन केली, अध्यक्षही मीच आहे. पण गावाची जीभ लांब आणि आठवण आखूड. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं इथे लिहून ठेवते. कुणी वाचावं म्हणून नाही. माझ्यापाशी तरी खरं असावं म्हणून.

झालं ते असं. परवा मी परसामागच्या ओहोळाकडे लाकडं आणायला गेले होते. काठावर एक मोठं झाड उन्मळून पडलंय. त्याच्या मुळांखाली ढोली, आणि ढोलीत हे पिल्लू. काळं, ओलं, घासून गुळगुळीत केलेल्या दगडासारखं. कोंबड्यांच्या टोपलीत मावेल एवढंच. एकटं. आईचा पत्ता नाही. मी घाई केली नाही. तिथेच उभी राहून एक अख्खं संत्रं सोलून चोखून संपवलं. कुणी आलं नाही. निष्कर्ष उघड होता: आईला शिकाऱ्याने मारलं. पिल्लू नेसूच्या कापडात गुंडाळलं आणि घरी आणलं.

कम्फर्ट म्हणते, "अहो बाई, मीसुद्धा पोराला झाडाखाली निजवून शेतात जाते. उद्या त्यालाही उचलाल!" लोक हसले. हसू देत. राजधानीत, मन्रोव्हियात, कॉलेजला मला प्राणिशास्त्र होतं. पुस्तकात पाणगाईवर, म्हणजे ठेंगण्या पाणघोड्यावर, दीड पान होतं. कम्फर्टने ते पान पाहिलेलं नाही.

४ ऑक्टोबर, दुपार

पिल्लू मादी आहे. मुक्काम मागच्या पत्र्याच्या न्हाणीघरात. नाव ठेवणार नाही. हे शास्त्र आहे, लाड नाहीत. पावडरीचं दूध, बाटलीने, ठरल्या वेळी. मोठी झाली की स्वतः ओहोळात नेऊन सोडीन. जंगलात पाणगाई उरल्यात किती? ज्या उरल्यात त्या कुणी पाहिल्यात? एक जगवणं म्हणजे केवढं काम, हे या लोकांना कळायला अजून पन्नास वर्षं लागतील.

आज तीन घोट घेतले. समाधानकारक.

६ ऑक्टोबर

एक दोष आढळला. दिवसभर झोपते. मी दुधाच्या वेळी शाळेची जुनी घंटा वाजवते, तर डोळासुद्धा उघडत नाही. संध्याकाळ झाली की मात्र बाईसाहेब उठणार आणि न्हाणीघरात फेऱ्या मारणार. असल्या सवयीच्या कितीतरी मुली मी सरळ केल्या आहेत. त्यातली एक आज नर्स आहे.

उद्यापासून दिवसा जागं ठेवणार.

७ ऑक्टोबर

जागं ठेवलं. दूध घेतलं नाही. रुसवा आहे, उतरेल.

पाठीवर गुलाबी ओल दिसली. रक्तासारखी, पण जखम कुठे नाही. घाणीतून आलेला त्वचारोग असणार. कार्बोलिक साबणाने खसाखसा धुतलं. दुपारी पुन्हा तीच ओल. पुन्हा धुतलं. स्वच्छतेपुढे रोग टिकत नाही.

८ ऑक्टोबर

कातडी कोरडी पडली. कानामागे भेगा. ओल मात्र पूर्ण गेली. उपाय लागू पडला.

९ ऑक्टोबर

आईच्या मारेकऱ्याचा छडा लावला. टार्पे. शिकारी, बडबड्या, कामचुकार. पिल्लू सापडलं त्याच आठवड्यात तो वाळवलेलं मांस विकत होता. त्याला आज चावडीवर बोलावलं.

चीफ ब्लामो मधल्या खुर्चीवर, म्हातारे भोवती, बाया कुडाबाहेर. मी उभं राहून सगळं क्रमाने मांडलं. टार्पे डोकं खाजवत म्हणाला, "बाई, ते हरणाचं मांस होतं. पाणगाय मारली असती तर मी असा काटकुळा राहिलो असतो का?"

लोक हसले. मी म्हटलं, हा शपथ घेईल का? तो म्हणाला, "दहा घेतो! अहो, पाणगाय रात्री तोंडात हिरा धरून चालते, त्याच्या उजेडात तिला वाट दिसते, हे तर माझ्या आजीलाही ठाऊक होतं. मी मारली असती तर हिरा माझा. मग मन्रोव्हियात माझा बंगला असता, गच्चीवर बसलो असतो. इथे अनवाणी उभा राहून तुमच्या शिव्या कशाला खाल्ल्या असत्या?"

चीफसुद्धा हसला. हे त्याला शोभलं नाही.

निकाल असा: डोकं नाही, कातडं नाही, पुरावा नाही, पण बाईंचा शब्द गावाला ढकलवत नाही. टार्पेने बाईंना मानाच्या कोला-बिया आणि एक पांढरी कोंबडी द्यावी, आणि त्या सांगतील ते परसातलं काम करून द्यावं. न्याय झाला. थोडा कमीच झाला.

१० ऑक्टोबर

कोंबडी आली. कापली. पामच्या रसात शिजवली, भाताबरोबर चांगली लागली. टार्पे कोंबडी देताना म्हणाला, "खा बाई, न केलेल्या पापाची चव घ्या." निर्ढावलेला आहे.

पिल्लाला हगवण लागली आहे. दूध पातळ केलं.

१२ ऑक्टोबर

सकाळी उठून पाहते तो रताळ्याचे वेल अर्धे फस्त. भेंडी तुडवलेली. हा कम्फर्टचा डुक्कर. त्याचं नाव तिने मिनिस्टर ठेवलंय, कारण, तिच्या म्हणण्याप्रमाणे, दिवसभर खातो आणि कुणाच्या उपयोगी पडत नाही.

तिच्या दारात जाऊन स्पष्ट सांगितलं. ती कसावाची पानं कुटत होती, मुसळ थांबवलंसुद्धा नाही. म्हणाली, "मिनिस्टर बांधलाय बाई. निवडणूक आल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही."

मी म्हटलं, दोर दाखव. दाखवला. दोर नवा होता. म्हणजे जुना तुटला होता. माझं म्हणणं तिथेच सिद्ध झालं.

१३ ऑक्टोबर

अगदी नीच प्रकार. परसाच्या कोपऱ्यातल्या जास्वंदीवर कुणीतरी शेण फेकलं. नुसतं टाकलं नाही, चौफेर उडवलं, पानापानावर, फुलांवर, माझ्या खांद्याच्या उंचीपर्यंत. टार्पे! निकालाचा सूड. चीफला सांगितलं. तो म्हणाला, टार्पे दोन दिवस सासुरवाडीला गेलाय. मग त्याने माणूस लावला असणार.

जास्वंद धुतली.

१४ ऑक्टोबर

डुक्कर पुन्हा आला. आता वेलांपैकी काही उरलं नाही. विचित्र एवढंच की या डुकराने कसावाचे कंद उकरले नाहीत. पाला खाल्ला आणि सरळ न्हाणीघराकडे गेला. न्हाणीघराच्या मागच्या पत्र्याला कमरेएवढ्या उंचीवर चिखल घासला गेलाय, पत्रा आत वाकलाय. डुकरांना अंग घासायला आवडतं.

ओल्या मातीत पाय उमटलेत. रुंद, चार-चार बोटांचे. डुकराचे दोन खूर दिसायला हवेत हे मलाही कळतं. पण चिखल खोल असला की मागच्या दोन नख्याही उमटतात. मी हे वर्गात शिकवलेलं आहे. आकार मोठा आहे, कारण मिनिस्टर मोठा आहे. कम्फर्ट त्याला काय खाऊ घालते देव जाणे.

१५ ऑक्टोबर

भात विकणाऱ्याचा तराजू पुन्हा मागून आणला. पिल्लाचं वजन आणलं त्या दिवसापेक्षा कमी भरलं. तराजू खोटा आहे. भातवाल्याला दोन शब्द सुनावून परत केला.

चीफ आला होता. पिल्लाकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, जंगलरक्षकांच्या ठाण्यावर निरोप धाडू का? बाजारच्या दिवशी मोटरसायकल जाते."

मी नको म्हटलं. एक तर पावसाने रस्ता फुटलाय, त्या बिचाऱ्यांना कशाला त्रास. दुसरं, ते येतील, फोटो काढतील आणि पिल्लू आम्हीच वाचवलं म्हणून सांगतील. तिसरं, ती प्रकृतीने अजून प्रवासाला योग्य नाही. सुधारू दे. मग मीच कळवीन.

चीफ म्हणाला, "सुधारतेय का?"

मी म्हटलं, दिसत नाही का?

तो उठला. निघताना दारातून मागे वळून पाहत होता. माझ्याबद्दल त्याला आदर आहे, फक्त बोलता येत नाही.

१६ ऑक्टोबर

बऱ्याच विचारांती ठरवलं: कुंपण. टार्पेचं काम अजून माझ्याकडे जमा आहेच.

१७ ऑक्टोबर

टार्पेने वेळू आणि ताडाच्या झावळ्यांचं कुंपण घातलं. काम बरं केलं, तोंड मात्र बंद नाही. ओहोळाच्या बाजूला त्याने माणूसभर रुंद एक फट ठेवली. मी विचारलं, ही कशाला? म्हणाला, "भाताच्या शेताला ठेवतात तशी. चारी बाजू बंद केल्या तर जनावर कुंपणच पाडतं. एक दार ठेवायचं, आणि दारात तार."

फासे लावायला माझा तत्त्वतः विरोध आहे. गेली कित्येक वर्षं मी समितीत त्याविरुद्ध बोलते आहे, शाळेच्या भिंतीवर लिहवूनही घेतलंय. पण तत्त्व रानातल्या जनावरांसाठी आहे. मिनिस्टर रानातला नाही. शिवाय त्याला मरू द्यायचं नाहीच. पकडायचा, कम्फर्टला चावडीवर बोलवायचं आणि दाखवायचा. तिने मला चोर म्हटलं, तिथेच.

टार्पेला तसं सांगितलं. त्याने विचारलं, "केवढी तार घेऊ?" डुकराला पुरेल अशी, म्हटलं. तो न्हाणीघरामागच्या चिखलात थोडा वेळ उकिडवा बसला. मग उठून म्हणाला, "डुकराला. बरं. जाड घेतो."

१८ ऑक्टोबर

टार्पेने मोटरसायकलच्या क्लचच्या दोन तारा एकत्र पिळून आणल्या. येताना पाच-सहा माणसं गोळा करून आला. मला वाटलं, काम बघायला. पण नाही. आमच्याकडे फासा बसवताना ज्याच्यासाठी तो बसतो त्याने स्वतःचं नाव घ्यावं लागतं, नाहीतर जनावर त्यात पाय घालत नाही म्हणतात. जो नाव घेतो, शिकार त्याची. शुद्ध खुळचटपणा.

टार्पे सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, फासा तुमचा ना?"

माझा.

"तुमच्या सांगण्यावरून ना?"

अर्थात.

"सगळ्यांनी ऐकलं ना? मग घ्या नाव."

त्याच्यात इतका नम्रपणा मी पहिल्यांदा पाहिला. चावडीवरच्या निकालाने त्याला माणूस केलं. अडाण्यांचं मन राखायला मोडतं काय? मी तारेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात पूर्ण नाव घेतलं: युनिस वाट्सन जुआह. एक म्हातारा तोंडावर हात ठेवून हसला. त्याला दात नाहीत, म्हणून तसा हसतो.

१९ ऑक्टोबर

फासा रिकामा. मिनिस्टरला अंदाज आला असावा. डुक्कर हुशार जनावर आहे.

पिल्लू आता ओरडत नाही. पूर्वी संध्याकाळी बारीक किंचाळायचं, ते पूर्ण थांबलं. शिस्त अंगी लागली. दिवसभर मागच्या पत्र्याला नाक लावून पडून असते. दूध तोंडाला लावलं की बाजूने गळतं. तिला इथलं आवडू लागलंय.

२० ऑक्टोबर

कम्फर्ट आली. आज भांडायला नाही. न्हाणीघराच्या दारात बसली, पिल्लाच्या पाठीवर भिजलेलं फडकं टाकलं. मला न विचारता. म्हणाली, "बाई, हात जोडते. ज्या ढोलीतून आणलीत तिथे ठेवून या. मेली तर मेली, तिथे मरू दे."

मी म्हटलं, मारायलाच ठेवायची असती तर आणली कशाला?

ती म्हणाली, "ते तुम्हाला ठाऊक."

फडकं काढून टाकलं. ओलाव्याने रोग परत येईल.

तिच्या बोलण्यात फासा बघितल्याचं एक अक्षर नव्हतं. म्हणजे तिला फाशाचा पत्ता नाही, मिनिस्टर आज रात्री सुटणार, हे नक्की. उद्या बघू कोण चोर.

२१ ऑक्टोबर, सकाळ

फाशात मिनिस्टर नव्हता.

२१ ऑक्टोबर, दुपार

नीट लिहिलं पाहिजे. लिहिते.

पहाटे बायकांचा गलका ऐकून परसात गेले. कुंपणाच्या फटीत पाणगाय. मोठी मादी. तार गळ्यात. झटापटीत कुंपणाची अख्खी बाजू खाली आलेली, आणि ती तोंड न्हाणीघराकडे करून पडलेली. अंगभर तीच गुलाबी ओल. सकाळच्या उजेडात चकाकत होती. म्हणजे तो रोग नव्हता. हे पुस्तकातल्या दीड पानात होतं. मला आठवायला हवं होतं.

पाय पाहिले. चार बोटं. शेपटीभोवती शेण, जास्वंदीवर उडालं होतं तसलंच.

दोन पाणगाई या ओहोळावर असू शकतात. एक टार्पेने मारली असेल आणि ही दुसरी. असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

मिनिस्टर बांधलेला होता. कम्फर्टच्या दारात, नव्या दोराला. मी जाऊन पाहिलं.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ

टार्पे सुरा घेऊन आला. माझ्या अंगणात माझ्यासमोर वाकून म्हणाला, "बाईंची शिकार. वाटे बाईंनी सांगायचे." मी म्हटलं, मी शिकारी नाही. तो म्हणाला, "नाव तुम्हीच घेतलंत. मी तरी तुम्हाला विचारलं. तुम्ही मला विचारलं होतं का?"

चीफ खुर्ची न आणता आला. उभाच राहिला. म्हणाला, टार्पेने पिल्लाची आई मारली नव्हती एवढं आता गावाला कळलं. तेवढंच बोलला. कोंबडीचा विषय कुणी काढला नाही. ती मी खाल्ली होती.

मग त्याने ठाण्यावर निरोप पाठवला. मला विचारलं नाही. डोकं आणि कातडं रक्षकांसाठी बाजूला ठेवायला सांगितलं, बाकी गावात वाटायला. रीतच तशी आहे. छाती चीफची. एक मांडी म्हाताऱ्यांची. मान फासा बांधणाऱ्याची. आतडी बायकांची. काळीज ज्याच्या नावाचा फासा त्याचं.

केळीच्या पानावर काळीज माझ्या पायरीवर ठेवलंय. घेतलं नाही तर गावाचा अपमान. खाल्लं नाही. मुंग्या लागल्या.

पोट फाडायच्या आधी कम्फर्ट ओरडली, "थांब! थांब रे मेल्या, सड बघ." सगळ्या बाया वाकल्या. गाईला दूध होतं. भरलेलं. ठणकलेलं. इतके दिवस न प्यायलेलं.

कम्फर्टने माझ्या स्वयंपाकघरातून माझाच वाडगा आणला. मेलेल्या गाईच्या पोटाशी मातीत बसली आणि पिळत राहिली. एकही बाई हसली नाही. टार्पेसुद्धा सुरा खाली ठेवून लांब जाऊन उभा राहिला. दूध फार नाही निघालं. जेवढं निघालं तेवढं घेऊन ती न्हाणीघरात गेली. पिल्लाला कुशीवर निजवलं, आणि बोट बुडवून बुडवून तोंडाला लावलं. मी तिला सांगणार होते की असं निजवून पाजत नाहीत, बाटली उभी धरायची असते.

पिल्लू प्यायलं. घोट मोजावे लागले नाहीत. आवाज करत, डोळे मिटून. मग त्याने वाडग्यात नाक खुपसलं.

उरलेलं कम्फर्टने माझ्या बाटलीत भरलं आणि बाटली पाण्याच्या माठात बुडवून ठेवली. जाताना एवढंच म्हणाली, "बाई, ती रोज येत होती."

मी म्हटलं, मला वाटलं डुक्कर.

ती म्हणाली, "हो."

२२ ऑक्टोबर

दोन रक्षक आले. एकच मोटरसायकल. रस्ता तितका वाईट नव्हता.

त्यांच्यापैकी मोठा, क्लादे आडनावाचा, माझ्याच शाळेत होता. मला 'बाई' म्हणाला. फाशाबद्दल विचारलं. माझा, म्हटलं. त्याला वाटलं मी कुणालातरी पाठीशी घालते आहे. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

समितीचं अध्यक्षपद सोडण्याचं पत्र मी आधीच मनात तयार केलं होतं. चीफने सांगितलं, त्याची गरज नाही. काल रात्री माझ्या माघारी बसून सगळ्यांनी मला काढायचं ठरवलं.

पिल्लू जगेल का, विचारलं. क्लादे म्हणाला, "सांगता येत नाही बाई. इतकी लहान कुणीच जगवलेली मी पाहिली नाही." छोट्या रक्षकाने तिला ओल्या गोणपाटात गुंडाळून पोटाशी बांधलं. तिने डोकं वर केलं नाही.

ओहोळाच्या ढोलीत ठेवून आले असते तर, हा प्रश्न मी विचारला नाही.

सुपूर्द केलं ते असं:

पिल्लू, मादी, जिवंत, एक.

पाणगाईचं डोकं, मीठ लावून. कातडं, गुंडाळी करून.

क्लचची पिळलेली तार. मी स्वतः कुंपणातून सोडवून दिली. गाठ पक्की होती, वेळ लागला.

दूध, बाटलीत. अर्धी.

क्लादेने बाटली उन्हात धरून विचारलं, "कशाचं?"

सांगितलं.

"आणखी मिळेल?"

नाही म्हटलं.